दोन चॅनेल की आठ? स्नायू-संकेतांवर चालणाऱ्या हाताच्या चाचण्यांच्या नोंदी

६ जानेवारी

व्याप्ती आज ठरली. हात नवा बनवायचा नाही. बोटं, मोटरा, गिअर, मनगट फिरवणारं युनिट सगळं तयार घेतलंय. प्रश्न एवढाच आहे, की कोपराखाली हात गेलेल्या माणसाने उरलेल्या स्नायूंच्या विजेवर तो चालवायचा तर कोणत्या पद्धतीने.

तीन पद्धती निवडल्या. पहिली दोन चॅनेलची, म्हणजे ‘थेट नियंत्रण’. (चॅनेल म्हणजे त्वचेवरच्या इलेक्ट्रोडच्या एका जोडीचा संकेत.) एक चॅनेल मनगट आत वाकवणाऱ्या स्नायूंवर, दुसरा मनगट मागे उचलणाऱ्यांवर. आतले आवळले की हात मिटतो, मागचे आवळले की उघडतो. पकड बदलायची किंवा मनगट फिरवायचं असेल तर दोन्ही बाजू क्षणभर एकदम आवळायच्या, की हात पुढच्या मोडमध्ये जातो. दुसरी पद्धत नमुना ओळखण्याची. कोपराखालच्या बाहूभोवती आठ चॅनेल लावायचे आणि त्यांचा एकत्रित ठसा बघून क्लासिफायरने (नमुने ओळखून वर्ग लावणाऱ्या प्रोग्रामने) सांगायचं की माणसाच्या मनात मूठ आहे, चिमूट आहे की मनगट फिरवणं. तिसरी रिग्रेशनची. तिच्यात ‘कोणती हालचाल’ हा प्रश्नच नाही, प्रत्येक सांध्याचा वेग थेट काढायचा, त्यामुळे मनगट फिरताफिरता हातही मिटू शकतो.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत राइनहोल्ड राइटर यांनी १९४८ साली स्नायूंच्या विजेवर चालणाऱ्या हाताचं काम प्रसिद्ध केलं. व्हॅक्यूम ट्यूबचा काळ, त्यामुळे यंत्र अंगावर वागवण्यासारखं नव्हतं. ट्रान्झिस्टर आले आणि १९६०च्या सुमारास मॉस्कोत अंगावर घालता येईल असा हात झाला. दोन चॅनेलची पद्धत तेव्हापासूनची, आणि अजून दवाखान्यांत बहुतेकांना तीच मिळते. नव्या पद्धतींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी (त्यात मीही आले) हे आधी पचवायला हवं. इतकी वर्षं एखादी गोष्ट टिकते तेव्हा तिच्यात काहीतरी असतं.

९ जानेवारी

संकेत पकडायचं हार्डवेअर. त्वचेवरून मिळणारा ईएमजी, म्हणजे स्नायूंच्या विजेचा संकेत, काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) १० बिटचा, ५ व्होल्टवर त्याची एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. म्हणजे अॅम्प्लिफायर न लावता थेट जोडला तर आपला अख्खा संकेत एका पायरीच्या आत झोपलेला राहील.

बाजारातले तयार स्नायू-सेन्सर हाताशी होते. त्यांतल्या बऱ्याच मॉड्यूलांचं मुख्य आउटपुट म्हणजे रेक्टिफाय करून (उणे बाजू उलटवून) गुळगुळीत केलेला लिफाफा, जोराची नुसती बाह्यरेषा. थेट नियंत्रणाला तो पुरतो. नमुना ओळखायला पुरत नाही, कारण लहर शून्यरेषा किती वेळा ओलांडते, किती वेळा दिशा बदलते ही माहिती गुळगुळीत करतानाच गेलेली असते. कच्चा संकेतच हवा. म्हणून आठ चॅनेलचा, २४ बिटचा एडीएस१२९९ हा एडीसी चिप घेतला, सॅम्पलिंग (संकेत मोजायचा वेग) सेकंदाला २००० वेळा.

एका सहकाऱ्याचा आग्रह होता की मायो आर्मबँड, म्हणजे हातावर चढवायचा तयार ईएमजी पट्टा, वापरू. आठ चॅनेल आहेत, वायरी नाहीत, घातला की सुरू. पण त्याचं सॅम्पलिंग सेकंदाला २००. म्हणजे १०० हर्ट्झच्या वरचं काहीच धड मिळणार नाही, आणि पृष्ठभागावरच्या ईएमजीचा उपयोगाचा पट्टा साधारण २० ते ४५० हर्ट्झ. बरीचशी ताकद ५० ते १५० हर्ट्झमध्ये असते हे खरं, म्हणून त्याच्यावर मूठ-उघड-मूठ छान चालून दाखवता येतं. आम्हाला जिथे खोलात जायचंय तिथे मात्र तो अपुरा. शिवाय कंपनीने २०१८ साली त्याचं उत्पादनच बंद केलं.

इलेक्ट्रोडच्या जोडीतलं अंतर २० मिलिमीटर ठेवलं. ईएमजी मोजण्याचे नियम सुचवणाऱ्या युरोपातल्या सेनियाम प्रकल्पाची शिफारस तीच आहे, आणि निदान सुरुवात तरी सर्वमान्य जागेवरून व्हावी.

१५ जानेवारी

दिवसभर ५० हर्ट्झशी, म्हणजे भिंतीच्या विजेच्या गुणगुणीशी झटापट. स्नायू ढिले सोडले तरी पडद्यावर जाड, एकसारखी लहर. लॅपटॉपचा चार्जर काढला, अर्धी गेली. वायरी आखूड करून पिळून घेतल्या, आणखी कमी झाली. रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात तो) मांसल भागावरून हलवून कोपराच्या हाडावर लावला आणि बेसलाइन शेवटी बारीक झाली.

मग नॉच फिल्टरवर (एकच वारंवारता कापणाऱ्या फिल्टरवर) वाद. ५० हर्ट्झ आपल्या पट्ट्याच्या ऐन मधे आहे. तिथे कात्री चालवली तर आवाजाबरोबर खरा संकेतही जातो. माझं मत असं, की आधी वायरी, ग्राउंड आणि इलेक्ट्रोडची पकड सुधारायची, नॉच शेवटचा. अरुंद नॉच ठेवलाय, पण तो बंद केल्यावरही क्लासिफायर चालला पाहिजे अशी अट घातली. खालच्या बाजूला २० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचं अडवणारा फिल्टर. वायर हलली, इलेक्ट्रोड त्वचेवर जरा सरकला की येणारी मोठी हळू लाट त्यात बरीचशी अडकते.

यापुढे माणसाला जोडलेलं काहीही भिंतीच्या विजेवर चालणार नाही. बॅटरी, आणि संगणकाकडे डेटा वायरलेस. यावर चर्चा नाही.

२४ जानेवारी

थेट नियंत्रण आमच्याच हातांवर लावून पाहिलं. ऐकायला सोपं, जुळवायला चिवट. थ्रेशोल्ड (संकेत ज्याच्या वर गेला की हात हलतो ती पातळी) खाली ठेवला तर कप उचलताना आपोआप येणाऱ्या ताणानेच हात उघडतो. वर ठेवला तर दहा मिनिटांत बाहू भरून येतो. हात जोरात मिटवताना मागचे स्नायूही मनगट स्थिर ठेवायला थोडे आवळतात, त्यामुळे दुसऱ्या चॅनेलवरही संकेत दिसतो. शेजारच्या स्नायूची वीज त्वचेखालून झिरपते ती वेगळीच. दोन्ही चॅनेलना स्वतंत्र गेन (संकेत किती पट वाढवायचा ते) दिला आणि ‘जो आधी थ्रेशोल्ड ओलांडेल त्याचं ऐकायचं’ हा नियम लावला, तेव्हा कुठे हात शहाण्यासारखा वागू लागला.

खरी अडचण मोड बदलण्याची. दोन्ही बाजू एकदम आवळायच्या म्हटलं तरी एक बाजू नेहमी थोडी पुढे धावते. हाताला वाटतं ‘उघड’, आणि धरलेली वस्तू खाली. वेळेची खिडकी रुंद केली तर उलटं होतं. नुसता हात मिटवायचा असतानाही मोड बदलतो.

३ फेब्रुवारी

नमुना ओळखण्याचा सांगाडा उभा राहिला. वैशिष्ट्यं (संकेतातून काढायचे आकडे) जुनीच घेतली: हडगिन्स, पार्कर आणि स्कॉट यांनी १९९३ साली मांडलेल्यांपैकी चार. संकेताच्या निरपेक्ष मूल्याची सरासरी, शून्यरेषा ओलांडण्याची संख्या, उताराची दिशा बदलण्याची संख्या, आणि लहरीची एकूण लांबी. पहिलं सांगतं स्नायू किती जोरात आवळलाय. मधली दोन वारंवारतेचा अंदाज देतात, तेही फूरिये (लहरीतल्या वारंवारता सुट्या करण्याचं गणित) न करता. चौथ्यात ताकद आणि वारंवारता दोन्ही मिसळलेली. आठ चॅनेल गुणिले चार, म्हणजे प्रत्येक विंडोला (एका वेळी बघायच्या संकेताच्या तुकड्याला) ३२ आकडे. क्लासिफायर एलडीए, वर्गांमध्ये सरळ रेषा आखणारी साधी संख्याशास्त्रीय पद्धत. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालतो, काही सेकंदांच्या नमुन्यांवर शिकतो आणि बिघडला तर का बिघडला ते बघता येतं. न्यूरल नेटवर्क लावू या, असं टीममधल्या तरुण मंडळींचं म्हणणं. लावू, पण ज्याच्याशी तुलना करायची ते आधी नीट चालू दे.

माणसांना बोलावण्याआधी निनाप्रो या खुल्या डेटासंचावर पाइपलाइन तपासली. त्याच्या दुसऱ्या संचात ४० धडधाकट माणसं आहेत आणि तिसऱ्यात हात गमावलेली ११. तोच कोड, तीच वैशिष्ट्यं, आणि हात गमावलेल्यांच्या गटावर अचूकता स्पष्ट खाली येते. पुढे काय वाढून ठेवलंय ते इथेच कळलं.

आता विलंबाचा हिशेब, कारण बाकीचे सगळे निर्णय यावर टांगलेले आहेत. ईएमजी हा मुळात गोंगाटासारखा संकेत. स्नायू एकसारखा आवळून धरला तरी रेषा थरथरत राहते. विंडो मोठी घेतली की आकडे स्थिर होतात, पण निर्णयाला उशीर होतो. विंडो एकमेकींवर चढवल्या तर सरासरी विलंब साधारण असा निघतो: विंडोचा निम्मा, अधिक दोन निर्णयांमधल्या अंतराचा निम्मा गुणिले बहुमताला घेतलेले निर्णय (शेवटच्या काही निर्णयांत जो जास्त वेळा येतो तोच पाळायचा), अधिक गणनेचा वेळ. २०० मिलिसेकंदांची विंडो, ५०चं अंतर आणि पाच निर्णयांचं बहुमत घेतलं तर गणना सोडूनच २२५. फॅरेल आणि वीअर यांनी २००७ साली हाताच्या वेगानुसार १०० ते १२५ मिलिसेकंद हा विलंब सर्वांत योग्य ठरवला होता. विंडो १५०, अंतर २५, बहुमत तीनचं, असं केलं की ११२च्या आसपास येतो. तेच पक्कं केलं. ३०० मिलिसेकंदांपर्यंत चालतं असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. ज्यांना ते पटतं त्यांनी तो हात लावून अंडं उचलून बघावं.

११ फेब्रुवारी

टीमच्या हातांवरची अचूकता पंचाण्णव टक्क्यांच्या वर. सगळे खूश, मी नाही.

पहिला प्रश्न डेटा कसा विभागला याचा. विंडो एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे त्या पिसून शिकवणीत आणि परीक्षेत वाटल्या तर परीक्षेतल्या विंडोचे पाच-षष्ठांश नमुने शिकवणीत आधीच येऊन गेलेले असतात. पेपर फुटल्यासारखंच ते. म्हणून आम्ही अख्खी आवर्तनं बाजूला काढतो: काही आवर्तनांवर शिकवायचं, ज्यांना हात लावलेला नाही त्यांवर परीक्षा. वरचा आकडा याच पद्धतीचा, तेवढं समाधान.

दुसरा प्रश्न जास्त खोल. हे सगळं टेबलावर हात टेकवून, पडद्यावरचं चित्र बघत, हालचाल धरून ठेवलेल्या स्थितीत मोजलेलं. प्रत्यक्ष वापरात माणूस एका पकडीतून दुसरीत जात असतो, आणि चुका नेमक्या त्या मधल्या जागेत होतात. शिवाय पडद्यावर चूक झाली तर माणसाला पत्ता नसतो. हातावर झाली तर तो ती बघतो आणि लगेच स्वतःचा जोर बदलतो. कधी त्याने सावरतं, कधी आणखी बिघडतं. पडद्यावरची अचूकता आणि हाताचा उपयोग यांचा संबंध सैल आहे हे या क्षेत्रात वारंवार दाखवून झालंय, तरी प्रत्येक नवा पेपर त्याच आकड्याने सुरू होतो.

आजपासून नोंदवहीत हा आकडा लिहायचा, पण पद्धत निवडायला वापरायचा नाही.

शिकवणीची रीतही बदलली. आता प्रत्येक हालचाल हळूहळू वाढवत न्यायची, अगदी हलक्या जोरापासून मध्यमपर्यंत. हलका जोर कधी दाखवलाच नाही तर क्लासिफायरला तो ‘विश्रांती’ वाटतो, आणि मग माणसाला प्रत्येक गोष्ट पिळून करावी लागते.

२५ फेब्रुवारी

नैतिक समितीची मंजुरी आणि संमतीपत्र झाल्यावर आज पहिले सहभागी आले. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. उजवा हात मनगट आणि कोपर यांच्या मधोमध गेलेला, त्याला बरीच वर्षं झाली. दोन चॅनेलचा हात रोज वापरतात, त्यामुळे ते परीक्षक म्हणूनच आले होते, नवशिके म्हणून नाही.

आधी इलेक्ट्रोडचा पट्टा न लावता नुसतं चाचपलं. डोळे मिटून ‘मूठ वळा’ म्हटलं की स्टंपच्या (हाताच्या उरलेल्या भागाच्या) आतल्या बाजूला बोटांखाली एक जाडसर दोरी उठते. ‘बोटं ताठ करा’ म्हटलं की ती विरते आणि मागच्या बाजूला दुसरी, लांबट, थोडी करंगळीकडे. प्रत्येक आज्ञेला कुठे काय उठतं ते त्वचेवर पेनाने खुणा करत गेलो. चिमटीला मात्र बोटांखाली काही धड लागेना. दादा म्हणाले, “ताई, मी तर करतोय. अंगठा टेकला बोटाला. तुम्हाला दिसत नाही एवढंच.”

यात गूढ काही नाही. बोटं वाकवणारे आणि ताठ करणारे मोठे स्नायू मुळात पुढच्या बाहूतच असतात, त्यांचे दोर फक्त बोटांपर्यंत जातात. म्हणून हात गेला तरी ते काम करत राहतात. पण अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि बोटांच्या मधले छोटे स्नायू तळहातातलेच, ते हाताबरोबर गेले. अंगठा वाकवणारा लांब स्नायू बाहूत शिल्लक आहे, पण खोल, बोटं वाकवणाऱ्यांच्या खाली. त्वचेपर्यंत येईतो त्याचा आवाज बाकीच्यांत मिसळतो. चिमूट आणि तीन बोटांची पकड एकमेकींत गुंततात त्याचं कारण हे शरीरशास्त्र आहे, क्लासिफायर नव्हे. कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये (कोणता वर्ग कोणता समजला गेला त्याच्या तक्त्यात) नेमके हेच दोन चौकोन एकमेकांचे नमुने खात होते.

दादांची भासमान मूठ लवकर वळते, सावकाश उघडते. घाई केली तर ते म्हणतात की बोटं अर्ध्यावर अडकतात. म्हणून प्रत्येक आवर्तनानंतर विश्रांतीचा वेळ वाढवला. तो न दिल्यास ‘विश्रांती’ या नावाखाली अर्धवट मूठच शिकवली गेली असती.

दीड तासानंतर संकेत मोठा झाला आणि त्याची वारंवारता खाली सरकली. थकवा. तिथेच थांबलो.

२८ फेब्रुवारी

चिमूट आणि तीन बोटांची पकड एकत्र करून ‘बारीक पकड’ असा एकच वर्ग केला. वर्ग आता सहा: विश्रांती, उघड, मूठ, बारीक पकड, मनगट आत फिरव, मनगट बाहेर फिरव. टीममध्ये थोडी नाराजी, कारण वर्ग जास्त असले की काम भारी दिसतं. दादांना विचारलं तर ते हसले. “दोन्हीत मी बटणच लावणार ना?”

१० मार्च

या प्रकल्पातला सगळ्यांत बोलका दिवस.

काम साधं: खालच्या फळीवरून वस्तू उचलायची, डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवायची. टेबलावर आठ चॅनेलचा हात निर्दोष चालत होता. दादांनी वस्तू उचलली, हात वर नेला, आणि खांद्याच्या पातळीला पोचता पोचता मनगट आपसूक फिरायला लागलं. त्यांनी मूठ आणखी आवळली. मनगट आणखी फिरलं. वस्तू आडवी होऊन निसटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच, तेवढ्याच उंचीवर.

नोंद तपासली. हात वर गेला की कोपराजवळचे स्नायू स्टंप आणि सॉकेट (कृत्रिम हाताची स्टंपवर बसणारी खोळ) तोलायला आवळतात. त्यात कृत्रिम हाताचं वजन बाहूच्या टोकाला लोंबतं, त्यामुळे सॉकेटची एक कड त्वचेत दाबली जाते आणि दुसरी थोडी सुटते. आठपैकी दोन चॅनेलवर ‘नसलेला’ जोर येतो. क्लासिफायरने टेबलावर जे पाहिलं होतं त्यात असा ठसा फक्त मनगट फिरवताना येत असे. त्याने शिकवल्याप्रमाणेच उत्तर दिलं. हातापायाच्या स्थितीचा हा परिणाम २०११ पासून प्रसिद्ध आहे, फूग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजून दाखवला. तरी डोळ्यांदेखत बघणं वेगळं.

मग त्यांचा रोजचा दोन चॅनेलचा हात लावून तेच काम. एकदाही वस्तू पडली नाही. तिथे हात वर गेल्यावर वाढलेला ताण थ्रेशोल्डच्या खालीच राहतो, आणि हातात वस्तू असताना ‘मिटव’चा संकेत थोडा जास्त आला तरी बिघडत काहीच नाही. जुन्या पद्धतीचं हेच मर्म. ती कमी ऐकते, म्हणून कमी फसते.

१८ मार्च

पट्टा काढून पुन्हा घालण्याची चाचणी. रोज सकाळी माणूस हात चढवतो तेव्हा इलेक्ट्रोड कालच्याच जागी बसतील याची खात्री नाही. आम्ही मुद्दाम एक सेंटिमीटर फिरवून घातला. स्नायूंच्या लांबीच्या दिशेने सरकला तर फारसं नुकसान नाही. बाहूभोवती फिरला तर वर्ग गडबडतात, कारण चॅनेलखालचा स्नायूच बदललेला असतो. जोडीतलं अंतर २० वरून ४० मिलिमीटर केलं की प्रत्येक चॅनेल जास्त मोठा परिसर ऐकतो, ठसा थोडा पुसट होतो पण सरकण्याला जास्त सहनशील. घेतलं.

घाम: कोरडे स्टीलचे इलेक्ट्रोड पहिली काही मिनिटं फार गोंगाट करतात, त्वचा दमट झाली की सुधारतात, आणि घाम जास्त झाला की शेजारचे चॅनेल एकमेकांशी जोडले जाऊन सगळे एकच बोलू लागतात. जेलचे इलेक्ट्रोड प्रयोगशाळेत छान, रोजच्या सॉकेटमध्ये निरुपयोगी. म्हणून यापुढच्या सगळ्या चाचण्या कोरड्यांवरच.

२७ मार्च

तीन दुरुस्त्या एकदम न करता एकेक करून तपासल्या.

शिकवणी वेगवेगळ्या स्थितींत घेतली: हात खाली सोडलेला, कोपर काटकोनात, हात समोर, हात वर. तेही हातात थोडं वजन देऊन, कृत्रिम हात चढवलेल्या अवस्थेत. सगळ्यांत मोठा फरक यानेच पडला. क्लासिफायर तोच, वैशिष्ट्यं तीच. फक्त खरी परिस्थिती दाखवली.

दुसरी, शंका असेल तर हलू नको. एलडीएला आपल्या उत्तराची कितपत खात्री आहे ते काढता येतं. ती कमी असेल तर आज्ञा टाकून द्यायची आणि हात आहे तसा ठेवायचा. चुकीची हालचाल आणि न झालेली हालचाल या दोन्हींना पडद्यावर ‘चूक’ हेच नाव आहे. हातात काच असेल तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

तिसरी, बहुमताऐवजी वेगाची चढण. नवा वर्ग आला की मोटर लगेच पूर्ण वेगाने सोडायची नाही; तोच वर्ग टिकला तर वेग वाढवत न्यायचा. एखादी चुकार विंडो मग नुसता सूक्ष्म झटका देऊन जाते. बहुमताचा विलंब वाचतो तो वेगळाच. काय बदललं ते न विचारताच दादांनी सांगितलं की आज हात “कमी बावचळतोय.”

न्यूरल नेटवर्कही याच डेटावर लावून पाहिलं. पडद्यावर थोडं पुढे, फळीच्या चाचणीत काही फरक नाही.

४ एप्रिल

रिग्रेशन. मनगट फिरवत फिरवत मिटणारा हात बघायला फार सुंदर, तिघांपैकी सर्वांत माणसासारखा. पण हात स्वस्थ धरायचा म्हटलं की थरथर. प्रत्येक सांध्याला सतत काही ना काही वेग मिळत असतो, आणि नुसती मूठ वळली तरी मनगटाकडे थोडा संकेत गळतो. मृतपट्टा (ज्या छोट्या संकेतांकडे दुर्लक्ष करायचं त्यांची मर्यादा) रुंद केला की थरथर जाते आणि बारीक नियंत्रणही जातं. दादांनी थोडा वेळ प्रयत्न करून सांगितलं की डोकं दुखतं. संशोधनाचा विषय म्हणून ठेवू. या प्रकल्पाच्या अंतिम तुलनेतून काढलं.

१५ एप्रिल

प्रमाणित चाचण्या. खोका आणि ठोकळे: अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे मधल्या पडद्यावरून एकेक पलीकडे टाकायचे, साठ सेकंदांत जेवढे होतील तेवढे. इथे दोन चॅनेलचा हात सरळ जिंकला. साहजिक आहे, या कामात फक्त उघड-मिट लागते, आणि तेवढ्यात त्याला हरवणं कठीण.

मग कपड्यांचे चिमटे: आडव्या दांडीवरून काढून उभ्या दांडीवर लावायचे. मनगट फिरवल्याशिवाय होत नाही. दोन चॅनेलवर दादा प्रत्येक चिमट्याला थांबतात, दोन्ही बाजू आवळून मोड बदलतात, फिरवतात, परत मोड बदलतात. एकदा मोड बदलायच्या नादात चिमटा उडून गेला. खरं म्हणजे बऱ्याचदा ते मनगट फिरवतच नाहीत. खांदा आणि कंबर वाकवून काम भागवतात. इतकी वर्षं तसंच केलंय. आठ चॅनेलवर पहिल्या दोन चिमट्यांना तेच केलं, मग आठवलं की मनगट फिरतं, आणि पुढचे सरळ उभं राहून लावले. वेळ वाचला. त्याहून मोलाचं म्हणजे वाकणं वाचलं, आणि आमच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. आजपासून बाजूने व्हिडिओ घ्यायचा आणि खांद्याचा कोन मोजायचा.

दादांना विचारलं, रोज कोणता न्याल? “काम बघून,” म्हणाले. “जड पिशवी धरायची तर माझा जुना. डबा उघडायचा तर हा. दोन्ही एकात देता येत नाहीत का?”

२३ एप्रिल

देता येतात. गेले काही दिवस त्यावरच. आठ चॅनेल तसेच. पकड आणि मनगट निवडायचं काम क्लासिफायरचं. पण हाताने एकदा वस्तू धरली (मोटरचा करंट वाढला की कळतं) की क्लासिफायर गप्प. तिथून पुढे थेट नियंत्रण: मागचे स्नायू ठरावीक जोराने, ठरावीक वेळ आवळल्याशिवाय हात उघडणारच नाही. वेग नेहमीच एकूण जोराच्या प्रमाणात. धरलेली वस्तू फिरवायची असेल तर मनगटाच्या वर्गांना परवानगी आहे, पण खात्रीचा उंबरठा त्यांना जास्त.

फळीची चाचणी यावर घेतली. मनगट हललं नाही, वस्तू वर पोचली. चिमट्यांच्या चाचणीत नुसत्या आठ चॅनेलपेक्षा किंचित सावकाश, कारण चिमटा सोडताना मुद्दाम जोर द्यावा लागतो. हा सौदा मला मान्य आहे, दादांनाही. टीममधल्या एकाला नाही. त्याच्या मते आम्ही क्लासिफायरचा अपमान केलाय.

३० एप्रिल

घरच्या वापराची तयारी. प्रयोगशाळेत आम्ही भोवती असतो. घरी इलेक्ट्रोड सरकला तर दादांनीच बघायचं. म्हणून सॉकेटवर एक बटण. दाबून धरलं की हात स्वतःच एकेक पकड करून दाखवतो, ते त्याच्याबरोबर भासमान हाताने तीच करतात आणि क्लासिफायर नव्याने शिकतो. संगणक नको, आम्ही नको. शिकवणी हात खाली सोडून आणि हात वर करून, दोन्हींत घ्यायची, हे आवाजाने सांगितलं जाईल.

सॉकेटचा साचा घ्यायला प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बसवणारे तज्ज्ञ) पुढच्या आठवड्यात येतील. त्यांना द्यायच्या सूचना: इलेक्ट्रोडच्या जोडीतलं अंतर ४० मिलिमीटर, रेफरन्स कोपराच्या हाडावर, हाताच्या वजनाने सुटते ती कड अर्धा सेंटिमीटर वर घ्या, बटण डाव्या हाताला न बघता सापडेल अशा जागी. आणि जुना दोन चॅनेलचा सॉकेट मोडायचा नाही, दादांकडेच राहू द्या.